गस्त कोणासाठी, खर्च कोणाचा?

गेल्या व्याख्यानात आपण न्याय्य वाटणीबद्दल बोललो. ते संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, तुमची उदाहरणं सगळी घरातली. भाऊ-भाऊ, शेताचा बांध, विहिरीचं पाणी. दोन सरकारं वाटणीला बसतात तेव्हा हीच तत्त्वं चालतात का?" प्रश्न चांगला होता आणि मी त्याला दोन मिनिटांत काहीतरी उत्तर देऊन मोकळा झालो. नंतर वाटलं, ते उत्तर अपुरं होतं. म्हणून आजचं व्याख्यान त्याच प्रश्नावर.

उदाहरण घेतलंय ते जरा लांबचं आहे. समुद्रापलीकडचा एक प्रदेश, त्यावर दूरच्या देशाची सत्ता. त्या प्रदेशाच्या पाण्यात नौदलाची जहाजं गस्त घालतात. या गस्तीचा खर्च कोणी द्यायचा? सत्ता ज्याची त्याने, की किनारा ज्याचा त्याने? आणि अर्धा-अर्धा म्हटलं तर अर्धा का, पाऊण का नाही? मी तत्त्वज्ञानाचा माणूस, आरमाराचा नाही. जहाजाच्या तोफेबद्दल मला विचाराल तर मी गप्प बसेन. पण वाटणीच्या टेबलावर कोण काय युक्तिवाद करतो आणि त्यातला कुठला खरा, हे तपासणं आमचं काम आहे.

आधी एक घरचंच उदाहरण घेतो, कारण त्यातून सगळी तत्त्वं निघतात. आमच्या सोसायटीत लिफ्टच्या दुरुस्तीवरून दोन वर्षं भांडण चाललं होतं. तळमजल्यावरचे म्हणायचे, आम्ही लिफ्ट वापरतच नाही, पैसे का द्यायचे? सातव्या मजल्यावरचे म्हणायचे, लिफ्ट इमारतीची आहे, आमच्या एकट्याची नाही. मध्ये एक जण म्हणाले, ज्याचा फ्लॅट मोठा त्याने जास्त द्यावं. आणि एका आजोबांनी हळूच विचारलं, ते काँट्रॅक्टर कोणी ठरवला? महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत याचं उत्तर लिहून ठेवलंय: ज्या इमारतीला लिफ्ट आहे तिथल्या सर्व सभासदांनी समान वाटा द्यायचा, वापर असो वा नसो. नियम झाला. पण नियमामागचं कारण काय, हे भांडण काही त्याने मिटलं नाही. आणि आजोबांच्या प्रश्नाकडे कोणी लक्षच दिलं नाही. तो प्रश्न लक्षात ठेवा. आज आपण फिरून त्याच्याचकडे येणार आहोत.

हाँगकाँगचं पाणी

आता हाँगकाँगला जाऊया. साल साधारण १९७५ ते १९८५.

हाँगकाँगचं बेट ब्रिटनला १८४२च्या नानकिंगच्या तहाने मिळालं, समोरचा कौलून १८६० मध्ये, आणि त्यामागचा मोठा प्रदेश १८९८ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. म्हणजे १९९७ ही तारीख तेव्हापासून कागदावर होती. तिन्ही बाजूंनी समुद्र, असंख्य लहान बेटं, आणि उत्तरेला चीन.

१९७०च्या दशकात चीनमधून लोक जीव धोक्यात घालून हाँगकाँगला येत होते. काही जमिनीवरच्या कुंपणावरून, तर बरेच जण समुद्रातून. रात्री पोहत, चेंडूतलं फुगवलेलं ब्लॅडर अंगाला बांधून, किंवा लहान होड्यांतून. १९७४ पासून तिथे 'टच बेस' नावाचं धोरण होतं. सीमेवर सापडलात तर परत पाठवणार. पण चुकवून शहरात पोहोचलात तर राहू देणार. लहान मुलांच्या खेळातल्यासारखं! खांबाला हात लावला की आऊट नाही. ऑक्टोबर १९८० मध्ये ते धोरण बंद झालं. त्यातच १९७९ मध्ये व्हिएतनाममधून बोटींनी साठ हजारांहून जास्त निर्वासित आले. एका वर्षात.

हे सगळं अडवायचं, तपासायचं, बुडणाऱ्यांना वाचवायचं काम पाण्यावर दोघे करत होते. एक हाँगकाँगचे सागरी पोलीस, ते स्थानिक सरकारचे. दुसरं ब्रिटिश नौदल. नौदलाकडे तिथे पाच गस्तनौका होत्या, मूळच्या सुरुंग काढणाऱ्या, लाकडी बांधणीच्या, नंतर गस्तीसाठी बदललेल्या. त्यांचा वेग ताशी १५ नॉट. पळवाट काढणाऱ्या वेगवान बोटींपुढे त्या मागे पडायच्या. म्हणून १९७९ नंतर रॉयल मरीन्सचं छोट्या वेगवान बोटींचं पथक आणलं गेलं, आणि नव्या गस्तनौका बांधायचं ठरलं.

इथे खरा प्रश्न सुरू होतो. हे काम पोलिसांचं की नौदलाचं? पोलिसांचं असेल तर खर्च हाँगकाँगचा. नौदलाचं असेल तर खर्च लंडनचा. पण नौका एकच, खलाशी तेच, रात्र तीच.

टेबलाच्या दोन्ही बाजूंना

खर्चाचे करार झाले त्यांचे आकडे बघा. ब्रिटन १९६८ पासून सुएझच्या पूर्वेकडचं सैन्य कमी करत होता, पैशाची ओढाताण होती. दुसरीकडे हाँगकाँगची तिजोरी भरत चालली होती. १९७५च्या करारात ठरलं की तिथल्या सैन्याच्या, म्हणजे गुरखा पलटणी, नौका, हेलिकॉप्टरं या सगळ्याच्या खर्चातला हाँगकाँगचा वाटा वर्षागणिक वाढवत न्यायचा: १९७६-७७ मध्ये ५० टक्के, पुढच्या वर्षी साडेबासष्ट, आणि १९७८-७९ पासून ७५ टक्के. १९८१च्या करारात ७५:२५ हेच प्रमाण कायम राहिलं. १९८८च्या करारात हाँगकाँगचा वाटा ६५ टक्क्यांवर आला.

एक गंमत लक्षात घ्या. या टेबलाच्या दोन्ही बाजूंना ब्रिटिश अधिकारीच बसलेले होते. एका बाजूला लंडनचं संरक्षण खातं आणि अर्थखातं, दुसऱ्या बाजूला हाँगकाँग सरकार, ज्याचे गव्हर्नर मरे मॅक्लेहोस हे लंडननेच नेमलेले. पण म्हणून ते नाटक होतं असं समजू नका. हाँगकाँगचे ब्रिटिश अधिकारी तिथल्या तिजोरीसाठी लंडनशी खरोखर भांडायचे. ज्या तिजोरीची किल्ली माणसाच्या हातात असते तिच्या बाजूने तो विचार करायला लागतो. पण एक गोष्ट मात्र खरी: ज्यांच्या करातून ते ७५ टक्के येत होते, त्या हाँगकाँगच्या लोकांनी निवडलेला एकही माणूस तिथल्या विधान परिषदेत नव्हता. पहिले निवडून आलेले सदस्य आले १९८५ मध्ये, तेही अप्रत्यक्ष निवडणुकीने. त्याआधी खर्चाला मंजुरी देणारे सगळे एक तर अधिकारी होते, नाही तर नेमलेले.

तीन तत्त्वं

आता युक्तिवाद तपासू. वाटणीची तीन तत्त्वं सहसा पुढे येतात.

पहिलं लाभाचं: ज्याला फायदा त्याने द्यावं. लंडन म्हणणार, गस्तीने हाँगकाँगचं शहर सुरळीत राहतं, घरं आणि शाळा यांच्यावरचा ताण कमी होतो, फायदा तुमचा. हाँगकाँग म्हणणार, त्या नौकेवर झेंडा कोणाचा फडकतोय? ब्रिटनची सत्ता इथे आहे हे ती नौका रोज सांगते, फायदा तुमचाही.

दुसरं कुवतीचं: ज्याला परवडतं त्याने द्यावं. हे तत्त्व ऐकायला भलं वाटतं, पण इथे ते कोणाच्या बाजूने जातं बघा. हाँगकाँगच्या तिजोरीत शिल्लक होती, म्हणून जास्त द्या. याच्यावर हाँगकाँगचं उत्तर सोपं होतं: आमचा सामान्य माणूस इंग्लंडमधल्या सामान्य माणसाएवढा श्रीमंत नाही. कुवत मोजायची ती सरकारच्या शिलकेवरून की लोकांच्या खिशावरून? आपल्या सोसायटीतही हाच घोळ. मोठ्या फ्लॅटमध्ये पेन्शनवर एकट्या आजी राहत असतील तर?

तिसरं कारणाचं: गरज ज्याच्यामुळे उभी राहिली त्याने द्यावं. पण चीनमधली परिस्थिती लंडननेही निर्माण केली नव्हती आणि हाँगकाँगनेही नाही. व्हिएतनामच्या निर्वासितांना हाँगकाँगने येऊ दिलं ते ब्रिटनने दिलेल्या आंतरराष्ट्रीय शब्दामुळे. मग त्या गस्तीचा खर्च? तिथे कारणाचं तत्त्व उलट लंडनकडे बोट दाखवतं.

म्हणजे तिन्ही तत्त्वं दोन्ही बाजूंना वापरता येतात. मग ७५ हा आकडा कुठून येतो? त्यासाठी थोडं गणित करू. आकडे माझे आहेत, समजण्यापुरते.

समजा एका नौकेचा वर्षाचा खर्च १० रुपये. ब्रिटन एकटा असता तर झेंडा दाखवण्यापुरत्या २ नौका ठेवल्या असत्या: २० रुपये. हाँगकाँग एकटं असतं तर गस्तीसाठी ४ लागल्या असत्या: ४० रुपये. दोघं मिळून ५ नौकांत भागतं: ५० रुपये. वेगवेगळे राहिले असते तर ६० गेले असते, एकत्र आल्याने १० वाचले. ही बचत निम्मी-निम्मी वाटली तर ब्रिटन १५ देईल, हाँगकाँग ३५. म्हणजे ३०:७०.

आता हाँगकाँगचा अधिकारी म्हणतो, "छे, ब्रिटनला सत्ता टिकवायला ३ नौका तरी लागल्याच असत्या." लगेच वेगळं गणित: ३० आणि ४०, बचत २०, वाटे २० आणि ३०. प्रमाण ४०:६०. फक्त एका नौकेच्या गृहीतकाने दहा टक्के सरकले. म्हणून या वाटाघाटींत टक्केवारीवर वाद फार होत नाही. वाद होतो तो 'तुम्ही नसता तर आम्ही काय केलं असतं' यावर. आणि प्रत्येक बाजूला आपली गरज कमी सांगण्यात फायदा असतो. लंडन म्हणतं, आम्हाला या नौकांची फारशी गरज नाही. पण अगदी शून्य गरज आहे असं लंडन म्हणू शकत नाही, कारण मग तुमची सत्ता इथे कशाला, असा प्रश्न येतो. सत्तेचा दावा ठेवायचा असेल तर तिचं काही तरी बिल भरावंच लागतं. ते २५ टक्के, माझ्या मते, या बिलाचे होते.

आणखी एक. टक्केवारीत न दिसणाऱ्या गोष्टी असतात. नव्या पाच गस्तनौका, पीकॉक वर्गाच्या, १९८३ ते १९८५ च्या दरम्यान आल्या. टायफूनच्या समुद्रात टिकतील अशा, २५ नॉटच्या. त्यांच्या किमतीचे ७५ टक्के हाँगकाँगने दिले. बांधल्या कुठे? स्कॉटलंडमध्ये, ॲबरडीनच्या हॉल रसेल गोदीत, जी तेव्हा ब्रिटनच्या सरकारी मालकीची होती. म्हणजे हाँगकाँगच्या करातून ॲबरडीनच्या कामगारांची चूल पेटली. हा लाभ ७५:२५ मध्ये कुठे मोजायचा? पुढे १९८८ मध्ये त्यातल्या दोन आयर्लंडला विकल्या गेल्या आणि उरलेल्या तीन १९९७ मध्ये फिलिपीन्सला. बांधण्याआधीच विचारावा असा प्रश्न यातून निघतो: नौका भागीत घेतली, तर विकताना कोणाची?

ऑस्ट्रेलियाची अट

इथवर आपण 'किती' यावर बोललो. आता आजोबांचा प्रश्न: काँट्रॅक्टर कोणी ठरवला? म्हणजे 'हुकूम कोणाचा?' यासाठी शंभर वर्षं मागे, ऑस्ट्रेलियात जाऊ.

१८८७ मध्ये लंडनला पहिली वसाहत परिषद भरली. ऑस्ट्रेलियातल्या वसाहती आणि न्यूझीलंड यांना रशियाची, फ्रान्सची, जर्मनीची धास्ती वाटत होती. त्यांना जास्त जहाजं हवी होती. त्या भागातले ब्रिटिश नौदलाचे प्रमुख ॲडमिरल जॉर्ज ट्रायन यांनी वसाहतींशी बोलणी चालवली होती. ठरलं ते असं: पाच क्रूझर आणि दोन टॉर्पेडो गनबोटींचं एक जादा पथक. वसाहतींनी वर्षाला १,२६,००० पौंड द्यायचे. त्यात ९१,००० चालवण्याचे आणि ३५,००० बांधणीच्या भांडवलावरच्या व्याजाचे. करार दहा वर्षांचा.

'जादा' हा शब्द महत्त्वाचा. ब्रिटनची तिथे आधीपासून असलेली जहाजं ब्रिटनच्याच खर्चाने राहायची होती. वसाहतींनी दिलं ते त्यांनी मागितलेल्या वाढीचं. आत्ताच केलेल्या गणितातला 'तुम्ही नसता तर' हा प्रश्न त्यांनी करारातच सोडवून टाकला.

आणि त्याहून महत्त्वाचं कलम: ही जहाजं शांततेत काय आणि युद्धात काय, ऑस्ट्रेलियाच्या क्षेत्रातच राहतील, बाहेर न्यायची तर वसाहतींच्या सरकारांची संमती लागेल. पैसे दिले आणि त्यासोबत एक दोर हातात ठेवला. तरीही क्वीन्सलंडने बरीच खळखळ केली आणि १८९१ मध्ये ते सामील झालं.

नौदलाला हे कलम कधीच आवडलं नाही. त्यांचं म्हणणं होतं, समुद्र एक आहे. शत्रूचा ताफा जिथे असेल तिथे जाऊन त्याला गाठायचं, ऑस्ट्रेलियाच्या बंदरात वाट बघत बसायचं नाही. हा युक्तिवाद चुकीचा नाही, बरं का. १९०२च्या परिषदेत नवा करार ठरला: ऑस्ट्रेलियाने २,००,००० पौंड, न्यूझीलंडने ४०,०००. रक्कम जवळजवळ दुप्पट, आणि जहाजं आता चीन आणि ईस्ट इंडीजच्या क्षेत्रातही नेता येतील. पैसे वाढले आणि दोर सुटला.

मग काय झालं? ऑस्ट्रेलियात अल्फ्रेड डीकिन यांच्यासारखे नेते म्हणू लागले की असे पैसे पाठवून आमच्या लोकांना त्या आरमाराबद्दल आपलेपणा वाटत नाही. १९०९च्या परिषदेनंतर मार्ग बदलला. १९११ मध्ये रॉयल ऑस्ट्रेलियन नेव्ही हे नाव मिळालं आणि ऑक्टोबर १९१३ मध्ये त्यांचा स्वतःचा ताफा सिडनीच्या बंदरात आला. खर्च वर्गणीपेक्षा कितीतरी जास्त पडला. तो त्यांनी आनंदाने केला. न्यूझीलंडने मात्र एक मोठी युद्धनौका बांधायला पैसे दिले आणि ती ब्रिटिश नौदलाला देऊन टाकली. ती पहिल्या महायुद्धात लढली ती उत्तर समुद्रात, न्यूझीलंडपासून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. दोन्ही देशांनी पैसे दिले, पण हुकूम एकाच्याच हातात आला.

आपली साक्ष

आता भारत. १८६३ मध्ये कंपनीच्या काळापासूनचं इंडियन नेव्ही मोडीत काढलं गेलं आणि हिंदी समुद्राची राखण ब्रिटिश नौदलाकडे गेली. त्या बदल्यात भारताने वर्षाला ठरलेली रक्कम द्यायची. विसाव्या शतकात ती १,००,००० पौंड होती. पण गस्त नेमकी कोणासाठी? इराणच्या आखातात, अरबी किनाऱ्यावर ब्रिटिश साम्राज्याचे व्यापारी आणि राजकीय हितसंबंध होते. त्यातलं भारताचं किती आणि साम्राज्याचं किती?

हा प्रश्न १८९५ मध्ये नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे आला. त्याच्या कामात एक भाग स्पष्ट होता: ज्या कामांत इंग्लंड आणि भारत दोघांचंही हित आहे त्यांचा खर्च कसा वाटायचा. दादाभाई नवरोजी त्या आयोगाचे सदस्य होते. आणि १८९७ मध्ये साक्ष द्यायला लंडनला गेले दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, सुब्रमण्य अय्यर आणि आपले गोपाळ कृष्ण गोखले. गोखले पुण्याच्या डेक्कन सभेतर्फे गेले होते, फर्ग्युसनचे प्राध्यापक, वय तीसच्या आसपास.

गोखल्यांच्या साक्षीचा गाभा काय होता? आकडे त्यांनी भरपूर दिले, पण 'आमचा वाटा जास्त आहे, तो कमी करा' एवढंच ते म्हणाले नाहीत. त्यांचा मुद्दा होता की या खर्चावर आतून अंकुशच नाही. इंग्लंडमध्ये खर्चाला लोकप्रतिनिधींची मंजुरी लागते, स्वराज्य असलेल्या वसाहतींतही लागते. भारतात जो कर भरतो त्याला बोलायला जागा नाही. मग वाटा कितीही ठरवा, तो न्याय्य आहे की नाही हे तपासणार कोण? आयोगाने १९०० मध्ये अहवाल दिला. बहुमताने काही भार ब्रिटनने उचलावा असं सुचवलं. नवरोजी, वेडरबर्न आणि केन यांनी आपलं वेगळं मत नोंदवलं. थोडी सूट मिळाली, बोलायची जागा मिळाली नाही. नौदलाची ती १,००,००० पौंडांची रक्कम माफ व्हायला १९३८ साल उजाडलं, आणि तेही या अटीवर, की भारताने स्वतः किमान सहा आधुनिक जहाजं बाळगावीत.

खंडणी, वर्गणी, भागीदारी

या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की मराठीतले तीन शब्द फार उपयोगी पडतात.

खंडणी म्हणजे आपल्याला न विचारता ठरलेली रक्कम. देणाऱ्याला संरक्षण मिळतंही, पण ते कसं आणि कुठे, हे घेणारा ठरवतो. आपल्याला हा प्रकार परका नाही. मराठ्यांची चौथाई हीच होती: महसुलाचा चौथा हिस्सा द्या, त्रास होणार नाही. आपण ती अभिमानाने सांगतो, कारण आपण घेणाऱ्यांच्या बाजूला होतो. देणाऱ्या गावाला विचारून बघितलं असतं तर?

वर्गणी म्हणजे काय मिळणार ते लिहून घेऊन दिलेले पैसे. किती पलटणी, किती नौका, किती वर्षं. हिशेब मागता येतो, घासाघीस करता येते. पण मंडळाचा गणपती कसा बसवायचा ते कार्यकर्ते ठरवतात.

आणि भागीदारी म्हणजे पैशासोबत हुकुमातही वाटा. निदान नकार देण्याचा हक्क तरी.

भारताचा प्रकार पहिल्याच्या फार जवळ. हाँगकाँगचा दुसरा, आणि त्यातला चांगल्यापैकी. करार मुदतीचे होते, आकडे लेखी होते, वाटा कमीही झाला. ऑस्ट्रेलियाचा १८८७चा करार तिसऱ्याकडे झुकलेला. १९०२ मध्ये तो पुन्हा वर्गणी झाला, आणि म्हणूनच त्यांना स्वतःचं आरमार हवंसं झालं.

हाँगकाँगच्या बाबतीत याची किंमत कळली ती १९८४ मध्ये. ब्रिटन आणि चीन यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, १९९७ नंतरचं भविष्य ठरलं. त्या वाटाघाटींत हाँगकाँगला स्वतंत्र पक्ष म्हणून खुर्ची नव्हती. संरक्षणाचे ७५ टक्के देणाऱ्या लोकांना, कशाचं आणि कुठवर संरक्षण करायचं या प्रश्नावर स्वतःचं मत नोंदवायला जागा नव्हती. आता तुम्ही म्हणाल, सर, गस्तीच्या खर्चाचा आणि देशाच्या भवितव्याचा काय संबंध? करारात काहीच संबंध नव्हता, हे खरं. माझी तक्रार तीच आहे. गस्त घालायची ती कोणती रेषा राखायला? ती रेषा कोणाची, हे ठरवण्यात गस्तीचं बिल भरणाऱ्याचा शब्द नसेल, तर त्याने विकत घेतलं ते काय?

एक आक्षेप मी स्वतःच घेतो. हुकूम वाटून घेतला तर जहाज चालायचं कसं? वादळात दोन कप्तान नको असतात. बरोबर आहे. रोजचा हुकूम एकाच्याच हातात हवा. भागीदारी म्हणजे प्रत्येक वळणावर मतदान नव्हे. ती हवी दोन ठिकाणी: काम काय हे ठरवताना, आणि कामाची हद्द ओलांडताना. ऑस्ट्रेलियाच्या कलमात नेमकं हेच होतं. क्षेत्राच्या आत ॲडमिरलचा हुकूम, बाहेर जायचं तर विचारा.

आणि एक जण या सगळ्यातून राहून गेलाय. रात्री त्या पाण्यात पोहणारा माणूस. तो करदाता नाही, मतदार नाही, कोणत्याच टेबलावर त्याच्या वतीने कोणी बसलेलं नाही. पण गस्तीचा सगळा खर्च त्याच्याभोवती फिरतो. लाभाच्या तत्त्वाने त्याला मोजता येत नाही, कुवतीच्याही नाही. त्याला बुडताना उचलून घेणं हा खर्च हाँगकाँगच्या रकान्यात टाकायचा की ब्रिटनच्या? मला वाटतं, तो वाटणीतच येत नाही. जो जवळ असेल त्याने तो करायचा, हिशेब नंतर. असा खर्च करारात वेगळा काढून ठेवावा, म्हणजे नौकेवरच्या माणसाला हात पुढे करताना 'हे कोणाच्या खात्यावर' असा विचार करावा लागू नये.

तर, ज्या श्रोत्यांनी प्रश्न विचारला होता त्यांना आजचं उत्तर. घरातली तत्त्वं सरकारांना लागू पडतात, पण पुरी पडत नाहीत. अशा कुठल्याही कराराची बातमी वाचाल तेव्हा टक्केवारीवर थांबू नका. चार गोष्टी बघा. 'तुम्ही नसता तर' हे गृहीतक कोणाचं? पैसे शेवटी कोणाच्या गोदीत जातात? हद्द ओलांडताना कोणाला विचारायचं, हे लिहिलंय का? आणि बिल भरणाऱ्यांच्या वतीने बोलतोय तो माणूस त्यांनी निवडलेला आहे का? चौथ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर पहिल्या तिन्हींची उत्तरं कितीही चांगली असोत, गोखल्यांचा प्रश्न शिल्लक राहतो.

आमच्या सोसायटीचं म्हणाल तर लिफ्ट दुरुस्त झाली, समान वाट्याने. पुढच्या सर्वसाधारण सभेत आजोबांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि या वेळी काँट्रॅक्टरची निविदा सगळ्यांसमोर उघडायचं ठरलं. तळमजल्यावरचे त्यानंतर कुरकुरले नाहीत. वाटा होता तेवढाच राहिला.

पुढच्या वेळी आपण वाटणीचाच एक वेगळा प्रकार घेऊ: जे अजून जन्मलेले नाहीत त्यांचा वाटा. प्रश्न असतील तर नेहमीप्रमाणे पाठवा.